खांबाची झडती

इतर घरांत श्रावण म्हणजे उपासतापास, झोके, माहेरपणाला आलेल्या लेकी. आमच्या घरात श्रावण म्हणजे बाबांचं तोंड. त्या तोंडाकडे पाहून माय ठरवायची की भाजीत तिखट किती घालायचं, आणि मी ठरवायची की शाळेतून आल्यावर दप्तर आपटायचं की हळूच ठेवायचं. नागपंचमी झाली की बाबा कमी बोलायला लागत. राखी झाली की त्यांचं जेवण कमी होई. आणि पोळा तोंडावर आला की जेवताना मध्येच घास हातात धरून ते भिंतीकडे पाहत बसत. ओठ हलत असत, आवाज नसे. अशा वेळी कोणी "भाकर वाढू काय?" म्हटलं तर डोळे वटारत, कारण तेवढ्यानं त्यांची जुळत आलेली ओळ पळून जाई. मग ताटातली तरोट्याची भाजी वाळून जायची आणि माय चुलीपुढे बसून आपल्याच नशिबाशी पुटपुटायची. माझे बाबा, देवराव, आमच्या गावचे झडतीवाले होते.

झडती म्हणजे काय हे पुण्याकडच्या वाचकांना सांगावं लागेल. मध्य प्रदेशात जन्मून मराठी लिहिते म्हटल्यावरच त्यांच्या भुवया वर जातात, त्यात आणखी एक भर. आमचं गाव सौंसरहून मोहगावकडे जाताना लागतं, अर्धं कपाशीचं, अर्धं संत्र्याचं. पोळ्याला दुपार कलली की आखरावर, म्हणजे सकाळी गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं लांब तोरण बांधत. तोरणाच्या अलीकडे खालच्या आळीचे बैल, पलीकडे वरच्या आळीचे. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांचे पट्टे. डफडं वाजत असायचं. मग ते एकदम थांबायचं आणि एका ओळीतला माणूस पुढं येऊन चार ओळी ठणकावून म्हणायचा. त्यात देवाचं नाव असायचं, पण खरी गंमत गावाची टर उडवण्यात असायची. शेवटी सगळे "हर हर महादेव" म्हणून ओरडत, डफडं वाजे, आणि समोरच्या ओळीतून उत्तर येई. वरच्या आळीचे झडतीवाले फकीराजी, खालच्या आळीचे आमचे बाबा. दोघांचं बाकी वर्षभर चांगलं होतं, एकमेकांकडून बी-बियाणं नेत, पण पोळ्याच्या दिवशी ओळख दाखवत नसत.

आणि गावचा एक कायदा होता. तोरण तुटलं की झडती संपली. पुढच्या वर्षी नवी. जुनी झडती कोणी म्हटलीच तर मागून आवाज यायचा, "शियी हाये!" शिळी आहे. आमच्या बोलीत ळ-चा य होतो, पण त्यानं अपमान काही कमी होत नाही.

बाबांना ओळी सुचायच्या वखरामागं चालताना. पुढं सरदार आणि चांद्या ही आमची जोडी, त्यांच्या गळ्यातल्या घंट्या, मागं बाबांची पावलं. घंटी वाजायची तशी ओळ पडायची. मी भाकर घेऊन वावराच्या कडेला धुऱ्यावर उभी असले की मला कळायचं आज काम चाललंय का नाही. वखराचं तास संपवून बैल वळताना बाबा गप्प असले तर काम चालू. बैलांवर खेकसले तर अडलेलं. मी भाकरीचं गाठोडं बाभळीला टांगून तशीच परत फिरायची, कारण अडलेल्या माणसाला भूक लागली का विचारणं फार जोखमीचं असतं. हे शहाणपण मला पुढे संसारात कामी आलं नाही, पण शाळेत आलं.

तर एका वर्षी गावात विजेचे खांब आले. नुसते खांब. तार येईना. पावसाळा गेला, हिवाळा गेला, खांब उभेच. त्या पोळ्याला बाबांनी जी झडती म्हटली ती आमच्या मुलखात आजही लोकांना पाठ आहे:

खांब आला गावामंधी, तार गेली दौऱ्यावर,
दिवा बसला रुसून जसा जावई सासऱ्यावर,
म्हस बांधली खांबाले, दूध देते गारेगार,
उजेड पडन तवा पडन, सरकारचा जयजयकार!

लोक हसून हसून बसले. डफडंवाला डफडं वाजवायचं विसरला. फकीराजी सुद्धा तोंडाला दुपट्टा लावून हसले. त्या गर्दीत मधुभाऊ होता, माझा चुलतभाऊ. तो परासियाकडे कोळशाच्या खाणीत नोकरीला होता आणि त्याच पोळ्याला नवाकोरा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. त्यानं ती झडती टेप केली. गावातल्या कोणाचा आवाज असा डबीत बंद होऊन पुन्हा बाहेर निघाला, ही आमच्याकडची पहिलीच वेळ. बाबांनी स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा ते लाजले, मग म्हणाले, "अजून एकदा लाव बरं."

तिथूनच सगळं बिघडलं, असं माय शेवटपर्यंत म्हणायची. मधुभाऊनं ती टेप सौंसरच्या बस स्टँडवरच्या चहावाल्याला दिली. बाजाराच्या दिवशी ती वाजायला लागली. बाबा बियाणं आणायला गेले तर लोक बोट दाखवत, "खांबवाले देवराव ते हेच काय?" लोधीखेड्याला लग्नात गेले तर जेवणाआधी त्यांना उभं करून खांब म्हणायला लावला. बाबांना आवडायचं. कोणाला आवडणार नाही? पुढच्या पोळ्याला त्यांनी नवी झडती केली होती, सोसायटीच्या खतावर, मला वाटतं बरी होती. लोकांनी ऐकली, महादेव म्हटलं, आणि मग त्यांनीच आरडाओरडा सुरू केला, "खांब! खांब!" ज्यांचा कायदा त्यांनीच मोडला. बाबांनी म्हटली. एकदा म्हटलेली झडती लोकांच्या मागणीवरून तोरणाखाली पुन्हा म्हणणारे आमच्या गावातले ते पहिले.

त्याच्या पुढच्या पोळ्याला मात्र कोणी मागायच्या आधीच त्यांनी खांब सुरू केला. दुसरं काही तयारच नव्हतं. तोवर तार येऊन वर्ष झालं होतं, आखरावरच्या खांबाला बल्ब लटकत होता, आणि बाबा त्याच्याखाली उभं राहून म्हणत होते की तार दौऱ्यावर गेली. दुसऱ्या ओळीला मागून एक कोवळा आवाज आला, "शियी!" मग आणखी एक. मग आमच्याच आळीतून. बाबांनी चारही ओळी पुऱ्या केल्या, हे मी त्यांचं मोठेपण समजते. फकीराजी हसले नाहीत, ओरडलेही नाहीत, बैलाची झूल नीट करत राहिले. बाबांना तेच जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी बैलांना पुरणाची पोळी चारली, स्वतः खाल्ली नाही.

मला जे सांगायचं आहे ते त्यानंतरच्या वर्षाचं. मी तेव्हा दहावीला होते. वर्षभर घरात एक प्रकारची दबकी हवा होती. बाबा भांडत नव्हते, उलट फार नीट वागत होते, आणि तेच वाईट होतं. वखरामागं चालतानाही ओठ हलत नव्हते. खरं तर वखरामागं चालणंच कमी झालं होतं. वरच्या वावरात त्यांनी संत्रा लावला होता, तो आता फळाला आला होता, आणि बागेत बैलांचं काम थोडं. तिथं माणूस झाडाभोवती वाकून पाण्याची आळी करतो, उठतो, पुन्हा वाकतो. चालणं नाही, घंटी नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त दिसत होतं की बाबा बागेतून येतात ते रिकामे येतात.

माय पांढुर्ण्यापलीकडच्या सावरगावची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात होणारी गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, पाहत ती मोठी झाली होती. भावांची फुटलेली डोकी तिनं बांधली होती. दगडाधोंड्यांना न घाबरणारी ही बाई त्या श्रावणात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या कापता कापता एकदम थांबली आणि मला म्हणाली, "दगड लागला त दिसते तरी. हयद चोपडता येते. हे शियी म्हटल्याचं कुठी दिसते? कुठी चोपडू मी हयद?" तिनं सुरी धुतली आणि उरलेल्या वड्या कापल्या.

इथे थोडं आजचं सांगते. मी पुढे सौंसरला शाळेत शिकवलं, आणि नोकरीभर शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी एक नाटुकलं लिहिलं. दरवर्षी दिवाळी सरली की माझं जेवण कमी व्हायचं. एकदा एक नाटुकलं फार गाजलं, तर पुढच्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तेच करा ना पुन्हा, तयार आहे, सोपं पडेल." सोपं पडेल, या शब्दांनी मला जेवढं घाबरवलं तेवढं कोणी रागावूनही घाबरवलं नाही. मी नवं लिहिलं, ते पडलं, पालकांनी जांभया दिल्या. तरी मला वाईट वाटलं नाही. त्याचं कारण या प्रकरणात आहे.

पोळ्याआधी मधुभाऊ सुट्टी घेऊन आला, टेपरेकॉर्डर काखेत मारून. ओसरीवर बसून चहा घेतला, बाबांच्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आला.

"काका, यंदा तुमी कायले तकलीफ घेता? आपल्या आळीचे सारे म्हनून राहिले, भोंगा लावू अन् टेप वाजवू. सौंसरहून माहे दोस्त येऊन राहिले, त्यायले खांबाचीच झडती ऐकाची हाये."

"शियी म्हनतीन," बाबा म्हणाले.

"टेपले कोन शियी म्हनते? टेप हाये ते. तुमी आरामात बैलाजवय उभे राहा. आवाज त तुमचाच हाये ना!"

मला वाटलं बाबा आता त्याला हाकलतील. ते टेपरेकॉर्डरकडे पाहत म्हणाले, "हाव. आवाज त माह्याच हाये." एवढंच. मधुभाऊ खूश होऊन निघून गेला. आतून मायनं भांडं जोरात आदळलं. त्या दिवसापासून मला धडकी भरली. मी पंधरा-सोळा वर्षांची पोर, पण मला स्वच्छ दिसत होतं की एकदा का टेप वाजली की बाबा संपले. पुढच्या वर्षीही टेपच वाजेल. बाबा बैलाजवळ उभे राहून आपल्या जुन्या आवाजाला महादेव म्हणत राहतील, आणि जेवताना भिंतीकडे पाहणार नाहीत. इतकी वर्षं ज्या तोंडाला आम्ही भीत होतो तेच तोंड पुन्हा दिसावं म्हणून मी देवाला हात जोडत होते.

बाबांनी एक प्रयत्न केला. एका संध्याकाळी माय भाकरी थापत होती तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "ऐक बरं. हापसी आली गावामंधी, पानी गेलं दौऱ्यावर..." पुढं दांडा रुसून बसला होता आणि हापशीला म्हैस बांधली होती. माय ऐकत होती, थापायचा हात थांबला नाही. भाकर तव्यावर टाकून तिनं पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "हापसी नवी हाये. म्हस तीच हाये." बाबा उठून बाहेर गेले. मी मायवर चिडले. तिनं खोटं कौतुक केलं असतं तर तिचं काय जात होतं? माय म्हणाली, "मी बरं म्हटलं असतं, आखरावर कोन बरं म्हनन?" तिचे डोळे धुरानं लाल झाले होते, असं तिचं म्हणणं.

त्या दिवसांत बागेत फळगळ सुरू होती. पावसाची झड लागली की संत्र्याची हिरवी फळं गळून खाली पडतात. ती वेचून दूर नेऊन गाडावी लागतात, नाहीतर बागेत रोग फिरतो. हे मन खचवणारं काम आहे, वर्षाची आशा चिखलातून वेचायची. शाळेला सुट्टी होती म्हणून बाबांनी मला सोबत नेलं. आमच्याकडे संत्री मोजायची एक रीत आहे. एका हातात तीन, दुसऱ्या हातात दोन, असा पाचाचा फेर टोपलीत टाकायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. टोपलीवाल्यानं तोच आकडा परत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही. आणि पहिल्या फेराला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. गळलेल्या फळांत कसला आलाय लाभ? ती मोजायचीही गरज नव्हती. पण हाताला सवय होती. बाबांनी पहिला फेर टाकला आणि म्हणाले, "लाभ!"

"लाभ," मी म्हटलं.

"दोन!"

"दोन."

"तीन!"

माझे पाय चिखलात रुतले होते, डास चावत होते आणि टोपली फाटकी होती. मी वैतागून म्हटलं, "तीन! तीनदा सांगतलं मायनं, पोतं घेऊन जा, तुमी फाटकी टोपली आनली!"

बाबा वाकलेले होते तसेच थांबले. मला वाटलं आता ओरडा बसणार. त्यांनी पुढची पाच फळं उचलली, टोपलीत टाकली आणि म्हणाले, "चार! चार बुकं शिकली पोरगी, बापालेच शिकवून राहिली!"

मला हसू आलं. म्हटलं, "पाच! पाची बोटं चिखलात, मंग पोरगी कवा अभ्यास करन?" त्यांनी सहाला काहीतरी म्हटलं, मी साताला. झाडांच्या दोन ओळींतून आम्ही असे ओरडत चाललो होतो आणि मला आकड्यांचं भान राहिलं नाही. केव्हातरी बाबा गप्प झाले. मी वळून पाहिलं. ते एका झाडाला हात लावून उभे होते, चिखलानं भरलेला हात, आणि ओठ हलत होते. मला आनंद झाला की भीती वाटली, हे आजही सांगता येत नाही. "पुन्हा म्हन," ते म्हणाले. "काय?" मी विचारलं. "लाभपासून म्हन." मी म्हटलं. मग त्यांनी टोपली उचलली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पण मधुभाऊला ते नाही म्हणाले नाहीत. खांदे शेकायच्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावताना मी विचारलं, "बाबा, टेप वाजवून राहिले काय उद्या?" त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पोळ्याच्या सकाळी घरात पुरण शिजत होतं, कढीत भजी पडत होती, माय दोनदा गूळ घालायला निघाली. मधुभाऊनं आखरावर भोंगा बांधला त्याची खरखर आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येत होती. सरदारच्या शिंगाला बेगड लावता लावता बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू मारुतीच्या ओट्यावर उभी राहजो. म्होरं. मांगं नोको."

आखरावर बायका बैलांच्या ओळीत जात नसत. मारुतीच्या ओट्यावर उभं राहून पाहत. मी पुढं घुसून उभी राहिले, माय पूजेचं ताट घरी झाकून माझ्यामागं आली. फकीराजींनी सुरुवात केली. त्यांची झडती पंचायतीच्या नव्या इमारतीवर होती, चांगली होती, लोक हसले. डफडं वाजलं. मग आमच्या आळीची पाळी आली. टेबलावर टेपरेकॉर्डर, शेजारी मधुभाऊ, त्याचे सौंसरचे दोस्त धुतलेल्या कपड्यांत. मधुभाऊनं बटणावर बोट ठेवलं आणि त्याच वेळी बाबा बैलांमधून पुढं आले. तोरणाखाली उभे राहिले. मधुभाऊकडे पाहून हात वर केला, थांब म्हणून. आखर शांत झालं.

"लाभ!" बाबा ओरडले.

कोणी लाभ परत म्हटलं नाही. झडतीला लोक शेवटी महादेव म्हणतात, मध्ये काही म्हणायचं असतं हे कोणाला माहीत? बाबा थांबले होते. समोरून कोणीतरी विचारलं, "काय लाभ?" आणि दोनचार जण फिदीफिदी हसले. बाबा पुन्हा म्हणाले, "लाभ!" या वेळी आवाज थोडा फाटला. मागून ओरडा आला, "अबे मधू, खांब लाव ना!" मी मधुभाऊचं बोट पाहत होते. ते बटणावरच होतं. आखरावर पोरीबाळींनी आवाज काढायचा नसतो, हे मला कोणी सांगावं लागत नव्हतं. पण बाबांचा तो आकडा हवेत तसाच लटकून राहिला होता आणि टोपलीवाली मी होते.

"लाभ!" मी ओरडले.

ओट्यावरच्या साऱ्या बायका माझ्याकडे वळल्या. खालच्या माना वर झाल्या. मायनं माझा दंड धरला, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता, पण तिनं मला मागं ओढलं नाही. बाबांनी ओट्याकडे पाहिलं नाही. ते लगेच सुरू झाले:

लाभ रे लाभ! एकच झडती देवरावची, तीन पोये वापरली!

कोणीतरी एकदम हसलं. बाबा म्हणाले, "दोन!" आणि या वेळी खालच्या आळीतल्या बागवाल्यांच्या तोंडातून सवयीनंच निघालं, "दोन!"

दोन रे दोन! दोन बैल लाजले माहे, मान खाली घातली!

"तीन!" आता दोन्ही ओळी ओरडल्या.

तीन रे तीन! तीन पानाचा बेल वाह्यतो, पाव मले महादेवा!

"चार!" बाबा म्हणाले, आणि पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं, तोच तोरणाच्या पलीकडून फकीराजींनी हात वर केला. समोरच्याच्या झडतीत तोंड घालायची रीत नव्हती. पण रीत कुठं उरली होती? बाबा थांबले. फकीराजी सावकाश पुढं आले, दुपट्टा सावरला आणि म्हणाले:

चार रे चार! चार खांदे लागतीन तवाच सुटन देवरावचा खांब, लिहून ठेवा!

क्षणभर मला वाटलं बाबा कोसळतील. बाबा हसले. वर्षभरात पहिल्यांदा, मान मागं टाकून, दात दाखवून. मग सारं आखर हसलं, आणि "पाच!" बाबांनी म्हटलं नाही, कोणी दुसऱ्यानंच म्हटलं. पाचाला सरपंचावर काही निघालं, सहाला कोणा जावयावर, सौंसरच्या पाहुण्यांनी सुद्धा एक आकडा घेतला. म्हातारे, पोट्टे, दोन्ही आळ्या आकडे ओरडत होत्या. बाबा नुसते मध्ये उभे राहून हातानं पुढचा फेर टाकल्यासारखा करत होते. शेवटी कोणाच्या तरी बैलानं उधळून तोरणात शिंग घातलं आणि तोरण तुटलं.

"अजून एकदा, देवराव!" लोक ओरडले. "लाभपासून!"

"तोरन तुटलं, बापा," बाबा म्हणाले आणि सरदारचा कासरा धरून घराकडे वळले. मधुभाऊ कपाळावर हात मारून उभा होता. बोट बटणावर ठेवून तो ऐकत राहिला होता, आणि टेप करायचं राहूनच गेलं होतं.

खांबाची झडती आजही फिरते. मागच्या पोळ्याला माझ्या भाच्यानं मला मोबाइलवर पाठवली, कोणा भलत्याच माणसाच्या नावावर. आकड्यांची ती झडती मात्र कोणाकडे नाही. मला चारपर्यंत येते, इथं लिहिली तेवढी. फकीराजी होते तोवर त्यांना विचारलं, त्यांनाही आपलीच ओळ आठवत होती. आधी मला याची फार हळहळ वाटायची. आता वाटत नाही.

त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे पोरांचा तान्हा पोळा. गल्लीत लहान पोरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरत होती, त्यांच्या चाकांचा खडखडाट सकाळपासून चालला होता. सावरगावहून मामाचा निरोप आला होता, गोटमार पाहायला या म्हणून, आणि माय दरवर्षीप्रमाणे नाही म्हणाली होती. बाबा कालच्या पोळ्या दुधात कुस्करून खात होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भरपूर खात होते. माय खूश होऊन आणखी एक पोळी वाढायला वाकली. तेवढ्यात बाबांचा घास तोंडाशी येऊन थांबला. ते भिंतीकडे पाहायला लागले. कपाळाला आठी पडली. ओठ हलायला लागले.

मी मायकडे पाहिलं. तिनं पोळीचा हात हळूच मागं घेतला, माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं, आणि बाहेर जाऊन पोरांना लाकडी बैल पलीकडच्या गल्लीत न्यायला सांगितलं. पुढचा पोळा अख्खं वर्ष लांब होता. आमच्या घरात काळजी परत आली होती, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी माझं दप्तर उचलून अगदी हळूच कोपऱ्यात ठेवलं.